जुन्या अरबी हस्तलिखितावरून त्याचे ग्रंथालय कसे शोधावे

इस्लामी जगातील ग्रंथालयांचा अभ्यास बहुधा बगदादच्या ‘बैत अल-हिकमा’ (ज्ञानगृह) या संस्थेपासून सुरू केला जातो, परंतु त्या संस्थेच्या नेमक्या स्वरूपाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. म्हणून हस्तलिखितांच्या पानांवर उरलेल्या खुणांपासून आरंभ करणे मला अधिक भरवशाचे वाटते. अनेक ग्रंथालयांनी अशा पानांची छायाचित्रे महाजालावर खुली केली आहेत.

प्रथम शेवटचे पान पाहावे. मजकूर संपताना ओळी पुष्कळदा आखूड होत जाऊन त्रिकोणी आकार घेतात, आणि त्या पुष्पिकेत (ग्रंथसमाप्तीच्या नोंदीत) बहुधा लेखनिकाचे नाव व नक्कल पूर्ण झाल्याचे हिजरी वर्ष सापडते. त्या वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण कळतो. बगदादचा मुस्तनसिरिया मदरसा सुरू झाला ते हिजरी ६३१ हे वर्ष या रीतीने १२३४ येते. हा काळ नकलेचा असतो, मूळ ग्रंथरचनेचा नव्हे, हे विसरू नये.

त्यानंतर पहिल्या पानावर वक्फची नोंद शोधावी, कारण सर्वांत मोलाची माहिती तीच देते. वक्फ म्हणजे मालमत्ता कायमची धर्मकार्यासाठी अर्पण करणे. असे पुस्तक विकता येत नाही, कोणाला भेट देता येत नाही आणि वारसांत वाटताही येत नाही. दात्याचे नाव, मशीद किंवा मदरसा आणि पुस्तक बाहेर नेण्याविषयीच्या अटी या नोंदीत असू शकतात. ‘वक्फ’ हा शब्द पुष्कळदा मधल्या पानांच्या वरच्या समासातही लिहिलेला आढळतो, त्यामुळे केवळ पहिले पान फाडून पुस्तकाची ओळख पुसता येत नसे. वक्फचे संरक्षण नसलेला संग्रह सत्ता बदलताच विकला जाऊ शकतो, हे कैरोच्या उदाहरणावरून ध्यानात येते. तेथे फातिमी खलिफा अल-हाकिमने १००५ मध्ये उघडलेल्या ‘दार अल-इल्म’ (विद्यागृह) या संस्थेत वाचकांना शाई, लेखण्या आणि कागदही मिळत असे, तरीही ११७१ मध्ये फातिमी सत्ता संपल्यावर राजवाड्यातील प्रचंड ग्रंथसंग्रह नवा सत्ताधीश सलाहुद्दीन याच्या राजवटीत विक्रीला निघाला.

पुस्तकाच्या खालच्या कडेचे छायाचित्रही अवश्य मागवावे. पुस्तके उभी न ठेवता आडवी रचत असल्यामुळे नाव अनेकदा त्या कडेवर लिहिले जाई. बुखाऱ्याच्या सामानी राजांच्या ग्रंथालयात विषयवार खोल्या होत्या आणि पेट्यांत पुस्तके एकावर एक रचलेली होती, असे वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सीनाने आत्मकथनात नोंदवले आहे.

शिक्के शेवटी वाचावेत. इस्तंबूलच्या आयासोफ्या मशिदीत सुलतान पहिल्या महमूदने १७४० मध्ये ग्रंथालय स्थापन केले. तेथील हस्तलिखितांवर त्याचा शिक्का दिसतो. खरवडून काढलेली मालकाची नावे निरुपयोगी समजून सोडून देऊ नयेत; अतिनील प्रकाशात त्यांतील काही अक्षरे पुन्हा वाचता येतात.