घरात लिनोलियम घालायचं, टिकवायचं आणि वेळ आली की उखडायचं

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या: जमिनीवर अंथरायची तुमच्याकडची शीट खरंच लिनोलियमची आहे का? व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, गुंडाळीलाही लोक सर्रास लिनोलियम म्हणतात, आणि व्हायनिलसाठी दिलेला सल्ला लिनोलियमला लावला की घोटाळा होतो. एखादा टाकाऊ तुकडा कापून कडेकडून पाहा. लिनोलियमचा रंग वरपासून थेट पाठीच्या कापडापर्यंत उतरलेला असतो. छापील व्हायनिलमध्ये नक्षी हा वरचा पातळ थर असतो, खाली वेगळंच काहीतरी. मग तुकडा उलटा करा. पाठीला तागाचं विणलेलं कापड दिसलं आणि नाकाजवळ नेल्यावर जुन्या तैलरंगाच्या डब्यासारखा वास आला, तर पुढे वाचा.

तो वास जवसाच्या तेलाचा. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहून फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाला ही कल्पना सुचली, असं सांगतात. १८६३ मध्ये त्याने लिनोलियमचं पेटंट घेतलं. कृती आजही फारशी बदललेली नाही: हवेने घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ, बुचाची आणि लाकडाची पूड, चुनखडीची भुकटी, रंग, आणि हे सगळं तागाच्या कापडावर दाबलेलं. यातल्या दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा, तेल आणि ताग. साफसफाईत होणारी वाट तेलामुळे लागते आणि बसवताना होणारी वाट तागामुळे.

खालची जमीन

कोबा सपाट, कोरडा आणि स्वच्छ हवा, हे सांगायला मी नको. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. दिसली तर लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे उंचसखल जागा सपाट करणारं पातळ मिश्रण, ओता. लिनोलियम २ ते २.५ मिमी जाडीचं असतं, त्यामुळे जुन्या फरशीच्या सांध्यांच्या रेघा आणि खाली राहिलेला वाळूचा कणसुद्धा महिन्याभरात वर उमटतो. ओलावा तपासायला अर्धा मीटरचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा आणि २४ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर काम पुढे ढकला. न्हाणीघरात लिनोलियम घालू नका. विषय संपला.

गुंडाळी आदल्या दिवशी त्याच खोलीत आणून उभी करून ठेवा. आडवी ठेवली की स्वतःच्या वजनाने चपटी होते आणि तिथे तडे जातात. खोली १८ अंशांच्या खाली गार असेल तर शीट उलगडू नका, कडक पडलेली असते. उलगडल्यावर रंग पिवळट वाटला तर दुकानात भांडायला जाऊ नका. कारखान्यात वाळवताना ती पिवळी झाक येते आणि उजेडात काही तासांत किंवा दिवसांत उतरते.

सांधा

आता खरं काम. बाकी सगळं कोणीही करू शकतं. माझी पहिली खोली सांध्यावर फसली.

तीन शीट होत्या, म्हणजे दोन सांधे. कडा इतक्या काटेकोर कापल्या होत्या की मध्ये नखसुद्धा जाणार नाही. संध्याकाळी उजेडात तिरपं पाहिलं तर सांधा कुठे आहे तेच कळेना. मी खूश. चौथ्या दिवशी सकाळी अनवाणी चालताना अंगठा अडखळला. दोन्ही सांधे तंबूच्या कण्यासारखे वर उचलले गेले होते, टोकापासून टोकापर्यंत. आणि त्याच शीट भिंतीकडे मात्र आखूड पडल्या होत्या. स्कर्टिंगखालून, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखालून, कोब्याची राखाडी रेघ दिसत होती. मला वाटलं गोंद खराब निघाला. गोंद उत्तम होता, गाढवपणा माझा होता.

झालं असं. गोंदात पाणी असतं. ते तागाला लागलं की धागे फुगतात, आणि शीट लांबीत किंचित आखडते, रुंदीत किंचित वाढते. दोन मीटर रुंदीच्या दोन शीट एकमेकींना आधीच टेकलेल्या असतील, तर वाढायला जागा कुठे आहे? वरच. म्हणून ‘सांधा गच्च बसवा आणि वरून वजन ठेवा’ हा सल्ला कोणी दिला तर त्याने लिनोलियम घातलेलं नाही, व्हायनिल घातलंय, असं खुशाल समजा.

माझी पद्धत अशी. प्रत्येक शीट दोन्ही टोकांना ७-८ सेंमी जास्त ठेवून कापायची. एकाच गुंडाळीतल्या शीट ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने अंथरायच्या, पाठीवरचे बाण कंपनीने सांगितलेल्या दिशेने. पहिल्या शीटची कारखान्यातली कड कधीच वापरायची नाही. ती वाहतुकीत दुमडलेली, चेपलेली असते. लोखंडी पट्टी लावून साधारण दीड सेंमी कापून टाकायची. पहिल्यांदा साध्या पात्याने नुसती रेघ मारायची, मग आकड्यासारखं वळलेलं पातं त्या रेघेत अडकवून ओढायचं, हात किंचित तिरपा, म्हणजे तागाची कड वरच्या पृष्ठभागापेक्षा केसभर आत राहते. तागाचे धागे बाहेर डोकावत असतील तर सांधा कधीच नीट मिटत नाही.

दुसरी शीट पहिलीवर दोन सेंमी चढवून ठेवायची. आता दोन्ही एकत्र एकाच घावात कापायचा मोह होईल. करू नका. त्याने कडा तंतोतंत जुळतात आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. सांधा आखायचं एक साधं हत्यार मिळतं: त्याचा खालचा भाग पहिल्या शीटच्या कडेला टेकून सरकतो आणि वरची सुई दुसऱ्या शीटवर रेघ ओढत जाते. सुई अशी लावा की दोन कडांमध्ये जाड कागद जेमतेम सरकेल इतकी फट राहील. इतकीच. त्याहून जास्त ठेवली तर तिथे कचरा साचतो आणि ती काळी रेघ तुम्हाला आयुष्यभर दिसत राहते. रेघ ओढायची ती दुसरी शीट गोंदावर बसल्यानंतर, आधी नाही. कोरड्या शीटवर मारलेल्या मापाला अर्थ नसतो, कारण शीट अजून हललेलीच नसते.

भिंतीकडची टोकं तर अगदी शेवटी कापायची, शीट पूर्ण चिकटल्यावर. पहिल्या खोलीत मी ती आधी कापून ‘काम आटोपलं’ होतं.

गोंद

लिनोलियमसाठीचाच गोंद घ्या आणि डब्यावर सांगितलेल्या दातांची थापी वापरा. शीट अर्धी मागे दुमडायची, खालच्या अर्ध्या भागात गोंद पसरायचा, शीट हळूहळू सोडायची, मग दुसरी बाजू. दुमडताना चुणी पडू देऊ नका. लिनोलियमवर पडलेली घडी जात नाही. गोंद ओला असतानाच शीट बसली पाहिजे. खात्री करायची तर पाच मिनिटांनी एक कोपरा उचलून पाठ पाहा: सगळा ताग गोंदाने माखलेला दिसायला हवा. मध्ये मध्ये कोरडे पट्टे दिसले म्हणजे तुम्ही गप्पा मारत बसलात आणि गोंद सुकला. तेवढा भाग खरवडून पुन्हा लावा, दुसरा इलाज नाही.

मग रोलर. लाटणं नव्हे, ४५ किलोचा, भाड्याने मिळतो तो. आधी रुंदीत फिरवायचा, मग लांबीत. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. सांध्यावर छोट्या हातरोलरने.

चालायला एक दिवस थांबा, जड सामान ठेवायला तीन. फ्रिज सरकवताना खाली प्लायचा तुकडा टाका.

स्वयंपाकघरात सांधा सळईने (लोखंडी नव्हे, उष्णतेने वितळणारी, सांधे भरायला मिळते ती) भरून घ्यावा असं माझं मत आहे. झोपायच्या खोलीत गरज नाही. हे काम गोंद लावल्यानंतर किमान २४ तासांनी करायचं, आधी केलं तर अडकलेल्या पाण्याची वाफ सांधा उचलते. सांध्यात जाडीच्या दोन तृतीयांश खोल खाच पाडायची आणि हीट गनने सळई वितळवत भरायची. लिनोलियम स्वतः वितळत नाही, वितळते फक्त सळई, म्हणून गन एका जागी धरून ठेवली तर शीट करपते. वरचं जादा दोन फेऱ्यांत कापायचं: पहिल्यांदा गरम असताना थोडं वर ठेवून, दुसऱ्यांदा पूर्ण गार झाल्यावर सपाट. घाई करून एकाच फेरीत सपाट कापलं तर सळई गार होताना आत बसते आणि सांध्यावर नाली तयार होते.

निगा

झाडा, ओलसर फडक्याने पुसा. बस.

सोडा, ब्लीच, अमोनिया असलेलं क्लीनर आणि वाफेचा मॉप हे चार शत्रू. पहिल्या तिघांचं कारण सोपं आहे. साबण कसा बनतो? तेलात क्षार घातला की. तुमच्या जमिनीत तेल आहे. तीव्र क्षाराने रोज पुसलंत तर वरचा थर हळूहळू साबणासारखाच विरघळतो. आधी चमक जाते, मग रंग उतरतो, मग पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मळ धरून बसतो. मग लोक आणखी सोडा घालतात. तटस्थ, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचं क्लीनर घ्या, पाण्यात थोडंसं. बादली ओतून धुणं बंद. पाणी सांध्यातून तागात शिरतं, आणि ताग पाण्याने काय करतो ते वर सांगितलंच आहे.

दरमहा जवसाचं तेल चोळावं, असा एक प्रेमळ सल्ला फिरत असतो. ऐकू नका. आजच्या शीटवर कारखान्यातच संरक्षक थर दिलेला असतो. त्यावर तेल मुरत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. त्यातही वाईट म्हणजे ते तेल पुसलेली फडकी. चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. कधी वापरलीच तर बाहेर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

दुरुस्ती

उरलेले तुकडे फेकू नका. सगळी दुरुस्ती त्यांच्यावरच चालते.

ओरखडा किंवा छोटा खड्डा असेल तर उरलेला तुकडा पात्याने खरवडून त्याची बारीक पूड करा, थोड्या लाकडाच्या गोंदात कालवा, भरा. आजूबाजूला टेप लावून घ्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. रंग वरपासून खालपर्यंत एकच असल्यामुळे डाग दिसत नाही. व्हायनिलमध्ये हे करून दाखवा!

फुगा आला असेल तर नक्षीच्या एखाद्या रेघेवर धारदार पात्याने चीर द्या, सुईच्या पिचकारीने आत गोंद सोडा, बाहेर आलेला लगेच पुसा, वर मेणकागद आणि जाड पुस्तकांचा ढीग, एक दिवस.

मोठा भोसका असेल तर ठिगळ. नवा तुकडा नक्षी जुळवून वर टेपने पक्का चिकटवा आणि दोन्ही थर एकत्र कापा. हो, सांध्याला जे करू नका म्हटलं तेच इथे करायचं. तळहाताएवढा तुकडा रुंदीत वाढून वाढून किती वाढणार? मात्र ठिगळाची ताग-दिशा मूळ शीटसारखीच हवी, आणि ठिगळ पहिले काही महिने जरा गडद किंवा पिवळट दिसेल. उजेडाने जुळतं.

उखडणं

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या घरात, विशेषतः १९८० च्या दशकात किंवा त्याआधी घातलेली जमीन असेल, तर तिच्या खालचा फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा थर), काळा डांबरी गोंद किंवा तिच्याखाली दडलेल्या आणखी जुन्या टाइल यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक असे खनिज तंतू, असू शकतं. नुसतं पाहून ते कळत नाही. छोटा नमुना ओला करून, नीट बंद करून प्रयोगशाळेत द्या, आणि निकाल येईपर्यंत घासू नका, मशीनने पॉलिश करू नका, कोरडं झाडू नका. ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काम प्रशिक्षित माणसांचं. पुष्कळदा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे जुनं जिथल्या तिथे ठेवून वर नवं घालणं.

धोका नसेल तर काम कष्टाचं आहे, अवघड नाही. १५-२० सेंमी रुंदीचे पट्टे कापा आणि एका टोकाने ओढा. वरचा थर निघेल, ताग आणि गोंद खालीच राहील. त्यावर गरम पाण्यात भिजवलेली जुनी पोती अर्धा तास पसरून ठेवा आणि रुंद खरवडणीने काढा. खाली लाकडी जमीन असेल तर पाणी अगदी हातचं राखून.

शेवटचे धागे निघाले की कोबा मोकळा दिसतो आणि लगेच नवी शीट अंथरायचा हुरूप येतो. त्या कोब्याने आत्ताच दोन दिवस पाणी प्यायलंय. प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवा, २४ तास.