जुन्या पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल खोलताना

आमची पिकअप 2003 ची. पुढे सरळ बीमचा, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच दांडा असलेला, अ‍ॅक्सल आणि दोन्हीकडे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). पुतण्या दिंडोरीहून टोमॅटोच्या जाळ्या भरून पिंपळगाव बसवंतला निघाला, की ताशी 60 च्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायचं. चाकं बॅलन्स करून झाली, टायर अदलून-बदलून झाले, तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. द्राक्षं संपल्यावर मे महिन्यात मी गाडी अंगणात घेतली.

खोलायच्या आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक उचला आणि लगेच घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा. टकटक लागली तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक जिच्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या उभ्या पिनेचा. मग डावी-उजवीकडून धरून हलवा आणि टाय रॉडच्या (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) एंडवर बोट ठेवा. एंड सैल असेल तर बोटालाच कळतं. आमच्या गाडीत ब्रेक दाबूनही डावं चाक हलत होतं.

टाय रॉड एंड सोडवताना बहुतेक जण फोर्क घालून ठोकतात आणि रबर फाडतात. नट दोन आट्यांवर ठेवा, आर्मच्या डोळ्याला (एंड बसतो त्या भोकाला) एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसरा हातोडा मारा. दोन-तीन फटक्यांत एंड टपकन सुटतो. नवा एंड घालणार असाल तर जुना किती आट्यांनी निघाला ते मोजून खडूने लिहून ठेवा.

हब उतरला की ब्रेकची प्लेट तारेने चेसिसला टांगा, होसवर (ब्रेकच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. किंगपिन काढायची तर आधी तिची आडवी लॉक पिन काढावी लागते. ती न काढता वरून घाव घालत बसलं तर किंगपिनचं डोकं पसरतं आणि अ‍ॅक्सलचा डोळा खराब होतो. आमची लॉक पिन गंजून बसली होती. रात्रभर डिझेलमध्ये भिजवली, सकाळी पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) निघाली.

खरं काम बुशांचं, म्हणजे किंगपिन ज्यांत फिरते त्या नळ्यांचं आहे. मी सातपूरला लेथवर 26 वर्षं काढली, म्हणून एवढं ठामपणे सांगतो: नवे बुश ठोकून बसवले आणि किंगपिन घातली, असं चालत नाही. बुशातलं ग्रीसचं भोक ग्रीस भरायच्या निप्पलच्या भोकाशी जुळवा. मग वरचा आणि खालचा असे दोन्ही बुश एकाच लांब रिमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने), एका रेषेत रिम करा. वेगवेगळे केले तर पिन तिरकी बसते आणि स्टिअरिंग जड होतं. रिम झाल्यावर तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सावकाश आत जायला हवी. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर बुश मोठा झाला, ठोकावी लागली तर अजून हात फिरवायचा आहे. रिमर नसेल तर बुश बसतात तो भाग, म्हणजे स्टब अ‍ॅक्सल लेथवाल्याकडे न्या आणि पिन सोबत द्या.

थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन झेलणारं) खालच्या बाजूला, झाकणाची बंद बाजू वर ठेवून बसवा, म्हणजे पाणी-चिखल आत जात नाही. उभा प्ले शिमने (पातळ चकतीने) 0.1 मिलिमीटरच्या आत आणा.

पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडायच्या आधी दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प लावा. दाबलेले पाटे उसळले तर बोटं जातात. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर असेल तर तिची जाड बाजू पुढे आहे की मागे, ते पंचने खूण करून ठेवा. ही चूक माझ्याकडून एकदा घडली आहे. पाचर उलटी बसली आणि ओझरच्या सरळ रस्त्यावर गाडी दोन्ही बाजूंना ओढत होती. वळणावर सोडलं तर स्टिअरिंग परत येईना. सगळं पुन्हा खोललं.

पाटे आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, ताणलेले जुने पुन्हा वापरू नका. शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीत) रबरी बुश असतील तर नट आधी हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग कसा. चाक लोंबत असताना कसलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअपचे बुशही तसेच.

बीम अ‍ॅक्सलला कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) फिरवायची सोय नसते, टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) तेवढं आपल्या हातात. दोन्ही टायरवर मागच्या बाजूला हबच्या उंचीवर खडूची खूण करून अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणांचं अंतर पुढून मोजा. फरक मॅन्युअलप्रमाणे आणा आणि नंतर एकदा मशीनवर तपासून घ्या.

आमची गाडी आधी रिकामी फिरवली, मग भरून पेठ रस्त्याच्या सावळघाटातून नेली. स्टिअरिंग शांत होतं. परत आल्यावर यू-बोल्टच्या नटांनी पाव-पाव आटा घेतला, म्हणून पहिल्या फेऱ्यांनंतर पाना फिरवाच. आणि किंगपिनला ग्रीस मारताना पुढची चाकं उचलून ठेवा. वजन खाली असताना ग्रीस थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचत नाही.