चित्रकथीवरून घराचा प्लॅन कसा काढायचा (भिंतीवर वारली न काढता)

हॉलच्या भिंतीवर वारलीची बॉर्डर मारली, दोन फ्रेम टांगल्या की झाला ट्रॅडिशनल टच, असं बऱ्याच आर्किटेक्ट लोकांना वाटतं आणि क्लायंट पण खूश होतो. वाईट काही नाही त्यात, पण ते सजावटीचं काम झालं. प्लॅन काढायचा असेल तर ते चित्र लोक वापरायचे कसं, ते आधी बघायला लागतं.

त्यासाठी पिंगुळीला जा. सिंधुदुर्गात कुडाळच्या शेजारीच आहे, ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, तिथलीच, आणि परशुराम गंगावणे यांनी (२०२१ ला पद्मश्री मिळाली त्यांना) आपल्या गोठ्यातच म्युझियम केलंय. फोटोवर भागवू नका, कारण फोटोत एकच चित्र दिसतं आणि चित्रकथी म्हणजे एक चित्र नव्हेच. पोथी म्हणजे सुट्या कागदांचा गठ्ठा, चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा एकेक चित्र पुढे धरणार, वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीवर तेवढा प्रसंग रंगवणार आणि मगच पुढचं पान. रामायणातली गोष्ट सगळ्यांना पाठ असते तरी लोक बसून राहतात, कारण पुढचं चित्र अजून दिसलेलं नसतं.

आता हेच घराला लावा. पाहुणा गेटातून आत येतो तिथपासून स्वयंपाकघरापर्यंत सात-आठ प्रसंग पाडा, प्रत्येकाला एक पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर तीनच गोष्टी: इथे कोण आहे, त्याला काय दिसतंय, काय अजून दिसत नाहीये. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कागद जमिनीवर मांडा, क्रम बदलून बघा, आणि तोवर ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर) उघडूच नका. दोन कागदांच्या मध्ये जिथे काहीतरी लपायला हवं तिथे भिंत किंवा वळण येतं, बाकी ठिकाणी भिंतीची गरज आहे का ते परत विचारा. कोकणातलं जुनं घर असंच चालतं बघा, खळं (पुढचं अंगण), मग पडवी, मग माजघर, मग मागचं परडं (परसबाग), आणि खळ्यात उभं राहिलं की तुळस आणि पडवी दिसते, चूल नाही दिसत. आपल्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की सोफा, टीव्ही, बेसिन, कुकर सगळं एकदम अंगावर, गोष्ट संपलीच!

दुसरं म्हणजे मोकळी जागा. चित्रकथीत माणसं मोठी, बाजूने काढलेली, डोळे टपोरे आणि मागे फारसं काही नाही, एक झाड काढलं की झालं जंगल. म्हणून प्रत्येक कागदावर एकच वस्तू ठरवा जी ती जागा सांगेल. पडवीला बाक पुरे, साधारण ४५० मिमी उंचीचा, भिंतीतच बांधलेला, खिडकी त्याच्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल अशी. बाकी शोपीस काढून टाका.

वारली घ्यायचीच असेल तर तारपा नाच घ्या, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फिरत जाणारी माणसांची रांग. वाचनालय किंवा अंगणवाडीसाठी मस्त प्लॅन निघतो यातून. पण पालघाट देवीचा लग्नचौक (वारली लग्नातलं देवीचं चौकटीतलं चित्र) लिफ्टच्या लॉबीत कृपया नको, तो लग्नघरात सवाशिणींनी काढायचा असतो.

मोठ्या स्केलवर बघायचं तर जयपूरचं जवाहर कला केंद्र. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवग्रहांचे नऊ चौरस घेतले, जयपूर शहराच्या प्लॅनसारखाच एक कोपऱ्याचा चौरस सरकवला, आणि मधला सूर्याचा चौरस उघडा ठेवला, नुसत्या पायऱ्यांचं कुंड. कथेतला मुख्य हिरो आणि तिथे बिल्डिंगच नाही. असं धाडस आपल्याकडे क्लायंटला पटवायला जीव जातो, एफएसआय (प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते ते) वाया गेला म्हणतात.

प्लॅन झाला की टेस्ट करा. कागद न दाखवता कोणाला तरी घर तोंडी सांगा, चालत गेल्यासारखं, आणि ऐकणाऱ्याला खोल्या काढायला लावा. तो जिथे अडकेल तिथला कागद परत लिहा. आणि चित्रकाराला बोलवायचं असेल तर याच स्टेजला बोलवा, त्याची फी पण कन्सल्टंटची म्हणून एस्टिमेटमध्ये आधीच धरा, रंगकामाच्या उरलेल्या पैशातून नको.