मानववंशशास्त्र आणि लोकसाहित्यासाठी कोणती भाषा शिकावी?

आधी माणसं ठरवा, भाषा मग. फ्रेंच की जर्मन, या प्रश्नाने सुरुवात केली तर वर्ष क्लासमध्येच जातं. नागपूरच्या विद्यार्थ्याला तर विदर्भातच मोठं भांडार आहे: गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली कुठल्याच कुळात न बसणारी.

समाज ठरला की गावात जा आणि आजी नातवंडांना गोष्ट कोणत्या भाषेत सांगते ते ऐका. ही पायरी गाळू नका. गोंड म्हणजे गोंडी बोलणाराच, असं नसतं. कितीतरी घरांत आता मराठी, हिंदी किंवा छत्तीसगढीच चालते. भंडारा-गोंदियाकडची दंडार, म्हणजे तिथलं लोकनाट्य, समजून घ्यायची तर झाडीबोली ही तिकडची मराठी बोली कानात मुरायला हवी, नुसती पुस्तकी मराठी पुरत नाही.

गोंडी निवडलीत तर कुठली गोंडी, हेही विचारा. भामरागडची माडिया आणि तेलंगणातल्या आदिलाबादची गोंडी यांत बराच फरक आहे. शिक्षक त्याच भागातला शोधा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. सुरुवात नात्यांच्या शब्दांपासून करा. कोण कोणाची थट्टा करू शकतो, कोणाशी सोयरीक जुळते, हे त्या शब्दांतून उलगडतं, आणि तोच तर आपला विषय! दुभाष्यावर विसंबलात तर परधानाने (गोंडांच्या परंपरागत गायकाने) किंगरी या तंतुवाद्यावर आळवलेल्या लांबलचक गाण्याचा दोन ओळींचा हिंदी सारांश हाती येतो. पुनरुक्ती, देवांची नावं, सगळं गळून जातं.

जुन्या नोंदींसाठी इंग्रजी लागतेच. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी टिपलेलं, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गीत 1866 मध्ये त्याच भाषेतल्या पुस्तकात छापलं गेलं. भोसलेकालीन कागद वाचायचे असतील तर मोडी लिपी शिका.

युरोपीय भाषा सगळ्यात शेवटी. लोककथांच्या रचनेवरचं प्रॉप यांचं 1928 चं रशियन पुस्तक 1958 पासून इंग्रजीत आहे. मात्र धनगरांच्या बिरोबा-खंडोबावर काम करणार असाल तर जर्मन शिकणं सार्थकी लागेल. या देवांवरचा मूळ ग्रंथ अभ्यासक सोंथायमर यांनी त्याच भाषेत लिहिला.

थोडं बोलता येऊ लागलं की परवानगी घेऊन एक छोटी गोष्ट रेकॉर्ड करा, शब्दन् शब्द देवनागरीत उतरवा आणि सांगणाऱ्यालाच वाचून दाखवा. तो जिथे अडवेल, तिथून पुढचा अभ्यास सुरू करा.