मानसिक आजार असलेल्या माणसाला अटक झाली तर: नागपुरातल्या घरच्यांसाठी

ठाण्यातून फोन आला की घराबाहेर पडण्याआधी औषधांचा डबा उघडा. चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, शेवटचं प्रिस्क्रिप्शन, मेडिकलचा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयोचा (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय) किंवा छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा ओपीडी केस पेपर, पूर्वी भरती केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर तेही सोबत घ्या. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि तीन-तीन झेरॉक्स करा: एक ठाण्याला, एक डॉक्टरला, एक न्यायालयाला. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका. केस पेपर हरवला असेल तर उपचार झाले त्याच दवाखान्यात नक्कल मागा. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 25 खालचा हक्क आहे.

अटकेच्या आधीची तारीख असलेला एक चुरगळलेला केस पेपर नंतर मिळवलेल्या दहा प्रमाणपत्रांना भारी पडतो. अटकेनंतरचं प्रमाणपत्र ‘सुटकेसाठी काढलंय’ असं सरकारी वकील म्हणू शकतात. दोन वर्षांपूर्वीच्या ओपीडीच्या शिक्क्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

ठाण्यात

पहिला प्रश्न हाच विचारा: अटक केली आहे, की संरक्षणाखाली घेतलं आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजारामुळे रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, किंवा आजारामुळे स्वतःला वा दुसऱ्याला धोका ठरू शकणारा माणूस सापडला, तर त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 100 प्रमाणे त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. जास्तीत जास्त मुदत 24 तासांची. अशा माणसाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येतच नाही. घरातला माणूस अनावर झाला म्हणून तुम्हीच 112 ला फोन करत असाल, तर ‘मारहाण करतोय’ एवढंच सांगून थांबू नका. ‘मानसिक आजार आहे, औषधं सुटली आहेत, कलम 100 खाली दवाखान्यात न्यायचं आहे’ असं सांगा. त्या पहिल्या वाक्यावरून पुढचा रस्ता गुन्ह्याकडे जातो की दवाखान्याकडे, हे पुष्कळदा ठरतं.

अटक झालेली असेल तर कारण विचारा. ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मग आजाराची माहिती ठाणे अंमलदाराला लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या आणि स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा. तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की विरून जातं.

या कागदात काय लिहायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. ‘आजाराच्या भरात त्याच्या हातून हे घडलं’ असं लिहू नका, बोलूही नका. काळजीपोटी उच्चारलेलं हे वाक्य म्हणजे ‘हे त्यानंच केलं’ अशी घरच्यांनी दिलेली कबुली ठरते, आणि पुढे वकिलाचे हात बांधले जातात. आजार, उपचार, औषधं आणि शेवटचा डोस कधी घेतला, एवढंच लिहा. निदानही स्वतः करू नका. केस पेपरवर आहे तेच उतरवा.

वैद्यकीय तपासणी आणि चुकलेल्या गोळ्या

अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हायला हवी (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 53). घाईगर्दीत ही तपासणी जखमा पाहण्यापुरती उरण्याची भीती असते. म्हणून औषधांची यादी डॉक्टरच्या हातात द्या आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची विनंती करा. गरज वाटली तर डॉक्टर आणखी एक तपासणी करू शकतात, अशी सोय त्याच कलमात आहे. अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागून घ्या.

औषधांच्या बाबतीत उशीर जिवावर बेतू शकतो. क्लोझापिन 48 तासांपेक्षा जास्त सुटलं तर जुना डोस एकदम सुरू करायचा नसतो; 12.5 मिलीग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. तीन दिवस कोठडीत काढलेल्या माणसाला सुटल्या रात्री घरच्यांनी नेहमीची पूर्ण गोळी दिली, तर रक्तदाब कोसळू शकतो. क्लोनाझेपाम, लोराझेपाम किंवा व्हॅल्प्रोएट अचानक थांबलं तर झटके येऊ शकतात.

लिथियमचा धोका नागपूरच्या उन्हाळ्यात वाढतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना कोंदट कोठडीत घाम फार जातो, पाणी पुरेसं मिळत नाही आणि रक्तातलं लिथियम वाढतं. त्यातच अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिलं तर ते आणखी चढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ अडखळणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. पाहणाऱ्याला हा माणूस प्यायलेला वाटतो आणि तिथेच घात होतो. म्हणून ठाण्यात दिलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘लिथियम चालू आहे. पाणी वारंवार द्यावे. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. उलटी, थरथर, तोल जाणे दिसल्यास त्वरित मेडिकलला न्यावे.’

पहिला रिमांड

प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायाधीश असतात. वकील नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला आणि दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला हा हक्क समजावून सांगणं पोलीस, न्यायदंडाधिकारी आणि कारागृह या सगळ्यांचं काम आहे (2017 च्या कायद्याचं कलम 27).

पीसीआर (पोलीस कोठडी) मिळो की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), त्याच दिवशी हा अर्ज आत गेला पाहिजे:

‘अर्जदार आरोपीचा भाऊ आहे. आरोपीवर सन ____ पासून ____ येथे मानसिक आजाराचे उपचार सुरू आहेत. केस पेपरच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. विनंती की, (1) आरोपीची शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून अहवाल मागवावा. (2) सोबतच्या प्रिस्क्रिप्शनमधील औषधे कोठडीत व कारागृहात वेळेवर देण्याचा आदेश व्हावा. (3) तपासणी होईपर्यंत आरोपीच्या प्रकृतीची नोंद न्यायालयास सादर करावी.’

दुसरी विनंती कधीही गाळू नका. न्यायालयाचा आदेश असेल तर कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही काम सोपं जातं. नसेल तर घरून नेलेल्या गोळ्या गेटवरूनच परत येऊ शकतात.

तीन वेगळे प्रश्न, एकच गोंधळ

‘तो आजारी आहे, त्याला शिक्षा कशी होईल?’ असं घरचे विचारतात. कायदा हा प्रश्न तीन तुकड्यांत पाहतो, आणि प्रत्येकाचे कागद वेगळे लागतात.

एक: घटनेच्या क्षणी तो कसा होता? भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं कलम 84) सांगतं की, मनोविकलतेमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे हे त्या वेळी कळत नसेल, तर तो गुन्हा नाही. नुसतं निदान इथे पुरत नाही. स्किझोफ्रेनियाचे उपचार दहा वर्षं चालू असले तरी त्या क्षणाबद्दल पुरावा लागतो. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकार पक्षाइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यतांचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी भागतं. सर्वोच्च न्यायालयानं 1964 मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात हे स्पष्ट केलं. घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं पाहिलं जातं. पळून जाणं, हत्यार लपवणं विरोधात जातं. तिथेच बसून राहणं, कारण नसताना घडणं, आदल्या दिवसांत झोप उडालेली असणं बाजूनं जातं. म्हणून आधीच्या पंधरा दिवसांतलं त्याचं वागणं तारीखवार लिहून वकिलाला द्या. शेजाऱ्यांनी, किराणावाल्यानं काय पाहिलं तेही, आठवण ताजी आहे तोवरच.

दोन: खटला समजण्याच्या स्थितीत तो आज आहे का? आपण कशासाठी उभे आहोत हे कळत नसेल, वकिलाला काही सांगता येत नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 आणि 368 खाली न्यायालय चौकशी करतं. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा राज्य सरकार सांगेल तो वैद्यकीय अधिकारी तपासतो, आणि पुढे सरकारी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता येतं. असमर्थ ठरला तर खटला सहसा थांबतो, संपत नाही. बरा झाला की पुन्हा सुरू होतो.

तीन: त्याला आत्ता उपचार हवेत का? याचं उत्तर वरच्या दोन्हींवर अवलंबून नाही. कैदी पूर्ण दोषी असला तरी उपचार त्याचा हक्कच आहे.

पहिल्या दोन प्रश्नांबाबत एक स्पष्ट मत. किरकोळ गुन्ह्यात मनोविकलतेचा बचाव घाईनं घेऊ नका. त्यावर निर्दोष सुटलेल्यालाही न्यायालय सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगू शकतं, आणि तो काळ मूळ शिक्षेपेक्षा लांबू शकतो. उलट टोकाचा सल्लाही तितकाच घातक: ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ आजारी माणूस त्रास संपावा म्हणून कशालाही हो म्हणतो, आणि दोषसिद्धीची नोंद नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आयुष्यभर आडवी येते.

जामीन

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 369 हे घरच्यांच्या सर्वांत उपयोगाचं कलम. न्यायालयाला आरोपी बचाव करण्यास असमर्थ आढळला, त्याला भरती करण्याची गरज नसली, आणि नातेवाईक किंवा मित्रानं नियमित ओपीडी उपचारांची व तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी दिली, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, सोडता येतं. हमीपत्र मोघम नको. कुठली ओपीडी, कुठला वार, गोळ्या कोण देणार, रात्री सोबत कोण झोपणार, हे लिहा. ही स्थिती नसेल तर आजारपणाच्या आधारावर कलम 480 खाली नेहमीचा जामीन मागता येतो.

जामीन नाकारला तर वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात आत जातानाच वैद्यकीय तपासणी होते. त्या दिवशी आदेशाची प्रत आणि केस पेपर वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचले पाहिजेत. कारागृहात मनोरुग्ण वॉर्ड नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीनं कैद्याला बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवता येतं (2017 च्या कायद्याचं कलम 103). मुलाकातीत तब्येतीचं नुसतं विचारू नका. किती तास झोपतो, गोळ्यांचा रंग कोणता, किती वेळा मिळतात, हे विचारा. रंग बदलला तर औषध बदललेलं असू शकतं.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर ठाण्याचा निरोप आला तर घाबरू नका. 2017 च्या कायद्याचं कलम 115 अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं, आणि नव्या न्याय संहितेत दंड संहितेचं जुनं कलम 309 उरलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 खाली गुन्हा आहे. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो.

सुटका झाली की कारागृहाच्या दवाखान्यातून दिलेल्या औषधांची यादी घ्या आणि ती डॉक्टरला दाखवल्याशिवाय जुने डोस सुरू करू नका. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून पुढची तारीख पाहत राहा. आणि प्रत्येक ओपीडीला केस पेपरवर तारखेचा शिक्का मारून घ्या, झेरॉक्स तारखेआधी वकिलाकडे द्या; हमी पाळली गेली का, हे न्यायालय त्याच शिक्क्यांवरून पाहतं.