छोट्या गाडीला मोठा अल्टरनेटर बसवताय? या चुका टाळा

जुलैचा पाऊस. गगनबावड्याहून कोल्हापूरकडे येत होतो. हेडलाइट, फॉगलॅम्प, वायपर, काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअर आणि एसी, शिवाय अ‍ॅम्प्लिफायरवर गाणी. रस्ता मोकळा होता तोवर सगळं झकास. फुलेवाडीजवळ वाहनांच्या रांगेत अडकलो आणि अर्ध्या तासात हेडलाइट पिवळे पडले, वायपर रेंगाळायला लागला, इंजिन बंद पडलं ते परत चालूच होईना. दोनच महिन्यांपूर्वी मूळचा 55 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) काढून 90 चा टाकला होता. त्यामुळे संशय सगळ्यात शेवटी त्याच्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या वायरमन मामांनी बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "नव्वद लिहिलंय खरं भावा, पण आयडलला किती देतोय बघितलास काय?"

"नाही मामा."

"मग घे की मोजून."

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, 31 अँपिअर.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच, स्टिकरवरचा आकडा बघून माल उचलणे. तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे 6000 फेरे फिरत असतानाचा असतो. आयडलला इंजिन 800 वर असतं आणि पुलीच्या (पट्टा ज्यावर फिरतो त्या चाकाच्या) हिशोबाने अल्टरनेटर दोन हजारांच्या आतबाहेर. तिथे बहुतेक अल्टरनेटर लिहिलेल्याच्या निम्म्याच्या आसपास देतात, काही त्याहूनही कमी. आयडलला 55 वाल्यापेक्षा कमी देणारा 90 वाला निघू शकतो. म्हणून विकत घेताना आयडलचा आकडा विचारा, नाहीतर बसवून मोजून दाखवायला सांगा.

माझ्या गाडीत पुलीचाही घोळ होता. मामांनी व्हर्नियर लावला. जुन्या अल्टरनेटरची पुली 60 मिलिमीटर, नव्याची 70. क्रँकची, म्हणजे इंजिनाची पुली 140. म्हणजे आधी इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटर सव्वादोनपेक्षा जास्त फेरे घ्यायचा, आता फक्त दोन. आयडलला 1870 चे 1600 झाले, आणि नेमक्या याच टप्प्यात उत्पादन झपाट्याने घसरतं. जुनी पुली नव्या शाफ्टवर बसली, पट्ट्याच्या खाचाही जुळल्या, आणि 31 चे 43 झाले. मात्र हौसेने फारच लहान पुली टाकू नका. इंजिन 6000 वर गेलं की माझाच अल्टरनेटर 14,000 फेरे घेतो, आणि प्रत्येकाची एक कमाल मर्यादा असते.

आता लोड. हा हिशोब खरेदीच्या आधी करायचा, मी नंतर केला. इंजिनाचा स्वतःचा खर्च 11 अँपिअर, हेडलाइट आणि मागचे दिवे 12, फॉगलॅम्प 8, वायपर 4, ब्लोअर 9, रेडिएटर फॅन 9, एसीचा क्लच 3, अ‍ॅम्प्लिफायर सरासरी 12. बेरीज 68. त्या रात्री 37 अँपिअरची तूट बॅटरी भरत होती. अर्ध्या तासात 18 अँपिअर-अवर गेले. बॅटरी 35 ची आणि तीन वर्षं वापरलेली, ती किती तग धरणार? अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरचे 1000 वॉट मात्र या बेरजेत धरू नका. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद बघा. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट वीज ओढली जाते, पण गाण्यात सरासरी खर्च त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो.

मी फॉगलॅम्प एलईडी केले, 5 अँपिअर वाचले. एसी लावल्यावर आयडल वाढवणारी बंद पडलेली सोय दुरुस्त केली, उत्पादन 51 वर गेलं. रांगेत अडकलो की गाणी बंद. जमा आणि खर्च बरोबर बसले.

"जास्त अँपिअरने बॅटरी जळते" ही भीती सोडा. बॅटरीला त्रास होतो तो व्होल्टेज चढल्यावर, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडल्यावर. मोठ्या अल्टरनेटरचा खरा भार पट्ट्यावर आणि इंजिनावर पडतो. 90 अँपिअर पुरे काढायचे तर इंजिनाचे जवळपास 3 हॉर्सपॉवर जातात. छोट्या इंजिनाला ते जाणवतं, आणि सैल पट्टा चीं-चीं करून घसरतो.

वायर तीच ठेवणं ही चूक घातक आहे. 6 चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर वायरीत 70 अँपिअरला 0.3 व्होल्ट गळतात आणि वायर तापते. 16 चौरस मिलिमीटरची घाला, इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टीही बदला. फ्यूज वायरीला साजेसा हवा. जुन्या वायरीवर नुसता मोठा फ्यूज म्हणजे आगीला आमंत्रण.

भंगारातला अल्टरनेटर घेत असाल तर आपल्याकडे एक गोष्ट जास्त बघावी लागते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुली हाताने फिरवा, खरखर ऐका. जाळीतून टॉर्च मारून आत वाळलेला गाळ दिसतोय का ते पाहा. दिसला तर ठेवून या.

बसवूनही चार्जिंग होत नसेल तर आधी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला जातो. मीटर सजवताना तिथे एलईडी टाकला की अल्टरनेटर जागाच होत नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढून "बघूया चालतंय का" करणाऱ्याला हात लावू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात. मल्टिमीटर लावा. जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरवर, सगळं चालू ठेवून आयडलला बॅटरीवर 13.5 व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे. तिथे 12.6 च्या खाली आकडा उतरत असेल, तर बॅटरी रिकामी होते आहे.