कोंबड्या, बदकं, टर्की एकाच अंगणात? मग या चुका टाळा

माझ्या पहिल्या बदकाच्या पिल्लाला मी जन्माचं लंगडं समजून बसलो होतो. दहा-बारा दिवसांचं पिल्लू, भूक चांगली, डोळे टक्क उघडे, पण उभं राहीना. चार पावलं टाकायचं की टाचांवर बसकण मारायचं आणि तसंच घसटत खाद्यापाशी जायचं. त्याच पेटीत, त्याच खाद्यावर कोंबडीची आठ पिल्लं बागडत होती, त्यामुळे खाद्यावर संशय गेलाच नाही. कुणाच्या तरी पायाखाली आलं असेल म्हणून मी पट्टी बांधली. तिचा उपयोग शून्य, कारण दोष खाद्याचाच होता.

बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) लागतं. कोंबडीच्या पिल्लाला ३०-३५ पुरतं आणि चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, बनतं ते तिच्या हिशोबाने. नायसिन कमी पडलं की बदकाच्या पायांची हाडं वाकतात, सांधे सुजतात. उपाय सोपा आहे: वाटीभर खाद्याला मोठा चमचाभर ब्रूअर्स यीस्ट (बीअर बनवताना उरणारं, नायसिनयुक्त यीस्ट) चोळायचं. वेळेत लक्षात आलं तर काही दिवसांत पिल्लू उभं राहतं, पण सांधा एकदा निसटला की काही होत नाही. मिश्र कळपातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. आपण सगळ्यांना कोंबडीच्या मापाने मोजतो आणि कोंबडी ठणठणीत दिसली की बाकीचेही बरे असतील असं धरून चालतो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची: सगळ्यांना लेअर खाद्य. अंड्यावरच्या कोंबडीसाठी त्यात साडेतीन ते साडेचार टक्के कॅल्शियम असतं, तर वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर येतो. पिल्लं खुरटतात, कधी मरतातही, आणि बाहेरून कारण काहीच दिसत नाही. नरांनाही त्या कॅल्शियमची गरज नसते. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. तो खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती आपण होऊन खाते आणि बहुतेक जणी संध्याकाळी खातात, कारण कवच रात्रभर बनत असतं.

बुरशी आलेलं धान्य ‘कोंबड्याच तर खाणार’ म्हणून टाकणारे पुष्कळ आहेत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पिल्लं मेली आणि कारण कुणाला कळेना. शेवटी शेंगदाणा पेंडीतली बुरशी सापडली आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला ठाऊक झालं. या विषाला बदकाचं पिल्लू सगळ्यांत नाजूक, त्याखालोखाल टर्की. मोठी कोंबडी बरंच पचवते. म्हणजे तिला काही झालं नाही हा धान्य चांगलं असल्याचा पुरावा होत नाही. कुबट वास आला की धान्य थेट फेकायचं, उन्हात वाळवून चालवून घ्यायचं नाही. वाळवल्याने बुरशी मरेल, विष तसंच राहतं.

पाणी हे मिश्र कळपातलं रोजचं भांडण. बदकाला नाकपुड्या बुडवून धुता येतील इतकं खोल भांडं लागतं, नाहीतर नाक-डोळे चिकटतात. चोचीने दाबलं की थेंब सोडणाऱ्या निपलच्या पाण्यावर त्याची तहान भागेल, नाक धुतलं जाणार नाही. पण तेच खोल भांडं कोंबडीच्या पिल्लाला बुडवून मारतं. शिवाय बदक खाद्याचा घास घेऊन पाण्यात जातं, फुर्र करून चोच झटकतं आणि तासाभरात खालचं तूस चिंब. म्हणून दोघांची पिल्लं एका पेटीत वाढवू नका, मग ती कितीही गोड दिसोत. मोठ्यांसाठी बदकांचं भांडं खुराड्याबाहेर, जाळीवर किंवा खडीवर ठेवा, म्हणजे चिखल एका जागी राहतो.

ऊब देताना थर्मामीटर असावाच. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण शेवटचा शब्द पिल्लांचा. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर गारठा आहे. भिंतीला चिकटून चोची उघड्या टाकल्या असतील तर उकडतंय. सगळीकडे पांगून खात-झोपत असतील तर बरोबर. दिवा मात्र साखळीने पक्का टांगा. तुसावर पडलेला दिवा खुराडं पेटवतो.

ओल्या तुसाचा पुढचा मुक्काम कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहतात आणि शिटेत रक्त दिसतं. मी मी म्हणणारे इथे हळद, लसूण आणि आणखी काय काय करत दोन दिवस घालवतात आणि तेवढ्यात अर्धी पेटी रिकामी होते. पशुवैद्याला विचारून पाण्यातून अँप्रोलियम हे त्यावरचं औषध त्याच दिवशी सुरू करा आणि तूस पूर्ण बदला. औषध मिसळलेलं तयार खाद्य घेत असाल तर पिशवीवरचं नाव वाचा: कोंबडीला चालणारं मोनेन्सिन गिनी फाउलला (कोंबडीसारखा ठिपकेदार आफ्रिकी पक्षी) घातक आहे आणि सॅलिनोमायसिन टर्कीला.

टर्की पाळायची असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा: कोंबड्या जिथे वर्षानुवर्षं चरल्या त्या जमिनीवर तिला सोडायचं नाही. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो आणि त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव पसरतो. ही अंडी मातीत काही वर्षं टिकतात, गांडुळांच्या पोटातही जातात. कोंबडी सहसा आजारी न दिसता हा रोग वाहून नेते. टर्की मात्र मान टाकते, गंधकासारखी पिवळी शीट करते आणि आठवडाभरात जाते. मोरवर्गीय पक्ष्यांचंही तेच. जंताचं औषध वेळच्या वेळी दिलं तर धोका कमी होतो, संपत नाही. जागा वेगळी नसेल तर टर्कीचा नाद सोडलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नरांचं गणितही जमवावं लागतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आणि चार-पाच बदकांमागे एक नर. बदकाचा नर जोडीदारणी कमी पडल्या की कोंबड्यांच्या मागे लागतो. याकडे हसून बघू नका. कोंबड्याला लिंग नसतं, बदकाला असतं, आणि त्याने कोंबडीला आतून इजा होते. पाठीवरची पिसं गेलेली, शेपटीखाली रक्त असलेली कोंबडी दिसली तर त्या नराला त्याच दिवशी वेगळं करा.

नवीन पक्षी आणल्या आणल्या कळपात सोडणं, ही चूक सगळे एकदा करतात. महिनाभर लांब ठेवा, त्यांचं काम शेवटी करा, चपलाही वेगळ्या ठेवा. दिसायला ठणठणीत पक्षीसुद्धा श्वसनाचा रोग घेऊन येतो. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून फक्त तोंडओळख होऊ द्या आणि सोडताना एकट्याला सोडू नका, दोघा-तिघांना मिळून सोडा. टोचाटोची होणारच, तिच्यात पडू नका. रक्त दिसलं तरच जखमीला उचला, कारण लाल ठिपका दिसला की सगळा कळप तिथेच चोच मारतो.

अंडी बंद झाली की लोक खाद्याला शिव्या घालतात. आधी बघा: पिसं झडतायत का, दिवस लहान झालेत का (चौदा तासांखाली उजेड गेला की अंडी उतरतात), कुणी खुडूक बसली आहे का, आणि झुडपात कुठे गुपचूप घातलेला ढीग तर नाही ना. गिनी फाउल यात अट्टल असते. कवच पातळ येतंय आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर शिंपला वाढवून फारसं होणार नाही. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवच बनवायला तोच लागतो. सावली आणि गार पाणी द्या.

खुडूक कोंबडीखाली मिसळ अंडी ठेवणार असाल तर दिवस मोजा. कोंबडीची अंडी २१ दिवस घेतात, साधी बदकं आणि टर्की २८, मस्कोव्ही जातीचं बदक ३५. सगळी एका दिवशी ठेवलीत तर पहिली पिल्लं निघताच आई उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. साध्या बदकाची आणि टर्कीची आठवडाभर आधी ठेवा, मस्कोव्हीची दोन आठवडे.

आणि रात्री एकदा टॉर्च घेऊन खुराड्यात जा. लाल गोचीड दिवसा फटीत लपते आणि अंधारात वर चढते, त्यामुळे सकाळच्या पाहणीत ती कधीच सापडत नाही. दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. लाल रेघ उमटली तर तुरे का फिके पडलेत आणि कोंबड्या संध्याकाळी आत जायला का कां-कूं करतात, ते कळलं. औषध फटींत मारायचं आणि आठवड्याने पुन्हा मारायचं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. तिथे आहातच तर वाकून, झोपलेल्या पक्ष्याच्या उंचीवर श्वास घ्या. शिटेतला अमोनिया डोळ्यांत झोंबला तर दांडीच्या वरच्या अंगाला झरोका नाही असं समजा. झरोका पाडाल त्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही.